काकूंचं परवाचं पोहणं

जगात नवी निघालेली प्रत्येक वस्तू आधी आमच्या काकूंना वापरून बघायला देत असावेत आणि त्यांनी मान डोलावल्यावरच ती बाजारात आणत असावेत, असा माझा बरीच वर्षं पक्का समज होता. ते दिवसच तसे होते. देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं रोज ओरडत होती, आणि त्या उघड्या दारांतून जे जे हैदराबादेत शिरलं ते ते काकूंनी आमच्या जामबाग मोहल्ल्यातून रिक्षा करून जाऊन आधी गाठलं. हिमायतनगरच्या एका दुकानात सरकता जिना बसला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका त्याच्याकडे लांबूनच बघत उभ्या राहिल्या. काकूंनी चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि "करून बघायला काय जातंय?" म्हणत पाऊल टाकलं. एकदा नव्हे, सात वेळा त्या वर गेल्या. आठव्या वेळी वॉचमनने अदबीने विचारलं, "अम्मा, लेना क्या है?" काकू म्हणाल्या, "कुछ नक्को रे, सीढी देखने को आई मैं." पिझ्झा आला तो त्यांनी आंब्याच्या लोणच्याबरोबर खाल्ला आणि "भाकर कच्ची राहिली, पण वरचं बरं आहे," असा निकाल दिला. वयाची साठी तेव्हा त्यांनी नुकतीच ओलांडली होती. म्हणजे आम्ही ओलांडली असं धरून चाललो होतो, त्यांना कुणी तसं कळवलेलं नव्हतं.

काळाच्या बाबतीत त्यांचा हिशेब निराळाच होता. हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवा नव्हे, हे बाहेरून आलेल्याला कळायला जरा वेळ लागतो. इथं परसों म्हणजे काल आणि आज सोडून मागे जे काही घडलं ते सगळं. कुणी म्हणालं की परसों घर बांधलं, तर त्या घराला आता गळती लागली असेल असं खुशाल समजावं. काकूंनी हा परसों उचलून आपल्या मराठीत आणला होता, आणि वर त्याला माहेरच्या थाटात ताणला होता. "परवा निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आमच्याकडे म्हैस व्याली होती," असं त्या अठ्ठेचाळीस सालाबद्दल सहज बोलून जात. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "दात कधी काढला?" काकू म्हणाल्या, "परवा." डॉक्टर बिचारे बॅटरी घेऊन ताजी जखम शोधत बसले. तो दात काढल्याला सोळा वर्षं झाली होती.

आणि अशाच परव्यांमधला एक परवा म्हणजे काकूंची विहीर. त्यांचं माहेर नांदेडकडचं, शेतकरी घर. शेतात म्हणे मोठी दगडी विहीर होती, आणि पाठीला वाळका भोपळा बांधून काकू तिच्यात सात वर्षांच्या असताना पोहायला शिकल्या. पुढे भोपळा सुटला, आणि मग त्या काठावरून गुडघे पोटाशी घेऊन अंग पाण्यात झोकून द्यायच्या, त्याला तिकडे मुटका म्हणतात. "असा मुटका मारायची मी, की मोटेवरचा माणूस भिजायचा!" हे काकू आम्हाला पोळ्या लाटता लाटता सांगत, आणि आम्ही पोट धरून हसत असू. कारण हैदराबादेत आल्यापासून काकूंना कुणी घोटाभर पाण्यातसुद्धा उतरलेलं पाहिलं नव्हतं. माहेरी बोअर घेतल्यावर विहीर बुजवून टाकली होती, भाऊ वारले होते, बरोबरच्या मुली कुठे कुठे नांदायला गेल्या होत्या. साक्षीला कुणी उरलं नव्हतं. मग आमच्या घरात 'काकूंची विहीर' ही म्हणायची रीतच पडली. वडील म्हणाले की यंदा बढती नक्की, की आम्ही भावंडं एका सुरात ओरडायचो, "काकूंची विहीर!" काकूही हसायच्या. त्यांना ते बोचत असेल असं माझ्या कधी मनात आलं नाही. असल्या गोष्टी मनात यायला जी अक्कल लागते ती मला उशिरा आली.

मी तेव्हा कुकटपल्लीच्या एका कंपनीत संगणक विकायचो. एका वर्षी माझी विक्री सगळ्यांत जास्त झाली आणि कंपनीने बक्षीस दिलं, अंदमानात समुद्रकाठच्या हॉटेलात चार दिवस, दोघांसाठी. दोघांतला एक मी. दुसऱ्याची पंचाईत होती, कारण माझं लग्न झालेलं नव्हतं आणि होण्याची चिन्हंही नव्हती. आईला विमानाची भीती, वडिलांना रजा नाही. काका म्हणाले, "नळाला दिवसाआड पाणी येतं ते मला पुरतं. एवढा समुद्र घेऊन करू काय?" आत कणीक मळत बसलेल्या काकूंचा आवाज आला, "मी येते की. करून बघायला काय जातंय?"

कंपनीने हॉटेलला 'दोघांसाठी' एवढंच कळवलं होतं, आणि हॉटेलवाल्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. आम्ही पोचलो तेव्हा दारात दोन हार, आत मधुचंद्राच्या शुभेच्छा लिहिलेला केक आणि पलंगावर टॉवेलांचे केलेले दोन राजहंस, चोचीला चोच लावून. मॅनेजरने आधी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग छताकडे. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. काकूंनी मात्र केक कापून जेवणघरातल्या प्रत्येक टेबलावर नेऊन वाटला. "लग्न कुणाचं का असेना, गोड तर वाटायलाच पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. परत येऊन त्यांनी दोन्ही राजहंस उलगडले आणि "धुतलेला टॉवेल असा चुरगाळतेत का कुठं!" म्हणत नीट घडी घालून ठेवले. मॅनेजरने धावपळ करून मला शेजारची खोली दिली.

पहिला दिवस आरामाचा होता, आणि आराम ही एकच गोष्ट काकूंना करून बघता येईना. हिरवंगार पाणी, पांढरी वाळू, माडांना बांधलेल्या झोळ्या. काकू झोळीत बसल्या, दोनदा हेलकावल्या आणि उठल्या. "पाळण्यात निजायचं वय आहे का माझं?" मग त्यांनी एकट्या माणसाची लांबट होडी वल्हवून बघितली, ती तासभर काठाशीच गोल गोल फिरली, पण काकूंनी हार मानली नाही, होडीनेच मानली. मग हॉटेलच्या माळ्याकडून नारळ सोलायला शिकल्या. मग उन्हात पडलेल्या गोऱ्या बायांना गुडघे तापल्या वाळूत पुरून बसण्याचे फायदे खुणांनी समजावून सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत चार जणी वाळूत गुडघे पुरून, काकूंकडे भक्तिभावाने बघत बसल्या होत्या.

पाण्यात मात्र त्या उतरल्या नाहीत. सूर्य कलल्यावर पाऊल भिजेल इतक्याच पाण्यात त्या उभ्या होत्या आणि समोर बघत होत्या. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "काय काकू, विहीर आठवली का?" आणि हसलो. नेहमी हसणाऱ्या काकू या वेळी हसल्या नाहीत. "हौ," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोवळ्यांची रानं दाखवायला होडी निघाली. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वास घ्यायची नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे, असा तो खेळ. होडीवर आठदहा जण होते. शिकवणारा चाळिशीतला दांडगा माणूस, गळ्यात शिट्टी. सगळे त्याला मास्टर म्हणत. काकू आदल्या दिवशी घेतलेला सलवार-कमीज घालून आल्या होत्या, ओढणी कमरेला आवळलेली. मास्टर एकेकाला विचारून दोन गट पाडत होता. मी खरं ते सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी क्लबच्या तलावात थोडं शिकलो होतो. त्याने मान हलवली, माझ्या कमरेत रबराचं चाक घातलं आणि मला शिकाऊंमध्ये बसवलं. मग तो काकूंकडे वळला.

"आँटीजी, तैरना आता है?"

"हौ."

"लास्ट कब तैरीं?"

"परसों."

मास्टरच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. "परसों! कहाँ पे?"

"बावली में," काकू म्हणाल्या. हैदराबादेत विहिरीला बावली म्हणतात. मास्टर आयुष्यात हैदराबादला गेला नव्हता. "बावली बीच? नाम नहीं सुना. गहरा था?"

"बहोत गहरा. चार पुरुष पानी."

मास्टरने बावली नावाच्या त्या खोल समुद्रकिनाऱ्याला मनोमन सलाम केला आणि काकूंना चाकाबिकाशिवाय पट्टीच्या पोहणाऱ्यांत नेऊन उभं केलं. होडीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाण्याचा रंग गडद निळा झाला होता तिथे. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला एवढा वेळ गेला. मी चाकासकट उठलो आणि ओरडलो, "मास्टर, रुको! वो परसों नहीं! वो हमारा परसों!"

"हमारा परसों क्या होता है, सर?"

"चालीस साल!"

मास्टरचा चेहरा उतरला. तो वळला, पण काकू होडीच्या कठड्यावर चढल्या होत्या. त्यांनी एकदाच मागे माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. तिच्यात भीती होती, पण पाण्याची नव्हती. गुडघे पोटाशी घेतले, आणि धाडकन मुटका! होडी डुलली, आणि कठड्याशी उभा असलेला मास्टर शिट्टीसकट नखशिखांत भिजला.

पाणी मिटलं. काकू वर आल्या नाहीत. मी एक मोजलं, दोन मोजलं, आणि तिसऱ्या अंकाला मला लख्ख कळलं की मी त्यांच्यावर कधीच विश्वास ठेवला नव्हता, एकदाही नाही. मास्टर उडी मारायच्या बेतात असताना पंधरा हात पलीकडे एक डोकं वर आलं, अंबाडा सुटलेला, तोंडातून पाण्याची चूळ. "थंड नाही रे!" काकू ओरडल्या. "विहिरीचं असतं तसं थंड नाही!"

मग त्या पोहल्या. डोकं वर, दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत, भात पाखडावा तशा सहजपणे. होडीला एक चक्कर घातली, मग दुसरी. मग उताण्या झाल्या आणि दोन्ही हात डोक्याखाली घेऊन पाण्यावर निवांत पडून राहिल्या, पायाची बोटं बाहेर, डोळे मिटलेले. आदल्या दिवशी झोळीत न सापडलेला आराम त्यांना तिथे सापडला. होडीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुखवटा लावून खालचे मासे बघून वर आल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, खाली आपला हैदराबादचा अख्खा लाडबाजार मांडलाय! सगळ्या रंगांच्या बांगड्या पळायल्यात!" मी मात्र चाकात अडकून, मास्टरच्या एका मदतनीस बाईचा हात घट्ट धरून, होडीच्या कडेकडेने दोन राखाडी मासे तेवढे पाहिले. उरलेले दोन दिवस मास्टर काकूंना 'उस्ताद' म्हणत होता.

परतताना काकू माझ्या शेजारी टॉवेल पांघरून बसल्या होत्या. केसांतून पाणी गळत होतं. मी म्हणालो, "काकू, चुकलं आमचं." त्यांनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. "तुमचं काय नाही रे. तुम्ही हसायचे, मी पण हसायची. पण चाळीस वर्षं हसत राहिल्यावर मलाच वाटायलं होतं, खरंच होती का विहीर? का मीच आपली मनानं सांगायले? आज उडी मारताना त्याचीच भीती वाटली बघ, दुसरी कशाची नाही." आणि मग त्या खदखदून हसल्या. इतक्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, मी सगळी हकीकत साक्षीदाराच्या तोऱ्यात सांगितली. मुटका हाताने करून दाखवला. कुणीही 'काकूंची विहीर' म्हणालं नाही. वडिलांनी उठून काकूंना, म्हणजे आपल्या वहिनींना, चक्क नमस्कार केला. काकू वाढता वाढता राणीसारख्या उभ्या होत्या, हातात वरणाचा डाव.

तेवढ्यात काका ताटाकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं."

काका सावकाश बोलले. मुलगी बघायला गेले तेव्हा ते आदल्या दिवशीच पोचले होते. बैलांना पाणी दाखवायला त्यांच्या मामांनी एका मळ्यात गाडी थांबवली. विहिरीच्या काठावर एक परकरी मुलगी उभी होती. तिने मुटका मारला, आणि तो पुरता बघितल्यावरच काकांनी संकोचाने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी खाली मान घालून पोह्यांची बशी घेऊन समोर आली. काकांनी तिथेच होकार दिला. "आईला कळलं असतं तर तिनं लग्न होऊ दिलं नसतं. म्हणून बोललो नाही. आणि मग... राहूनच गेलं."

काकू डाव घेऊन काकांच्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता काही तरी जबरदस्त ऐकायला मिळणार म्हणून आम्ही कान टवकारले.

"चांगला होता का मुटका?" त्यांनी विचारलं.

"लै चांगला होता," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि डाव तसाच हातात घेऊन आत गेल्या. मी त्या दिवशी जिंकल्यासारखा जेवलो, हे खरं. पण काकू बाहेर यायला फार वेळ लागला, आणि काकांच्या त्या तीन शब्दांसाठी त्यांना समुद्रापर्यंत जावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.