पन्नास मीटरचं गाऱ्हाणं

माझी उभी कारकीर्द पन्नास मीटरची. फ्रीस्टाइल म्हणतात त्याला, म्हणजे हवं तसं पोहा, फक्त सगळ्यांच्या आधी पोचा. तेवढ्या पन्नास मीटरपायी मला एका प्रश्नाचं उत्तर मात्र जन्मभर द्यावं लागलं: "तुमी खंयचीं?" म्हणजे, तुम्ही कुठचे?

आता काय सांगणार, कपाळ! वडील सिंधुदुर्गातून गोव्यात डिचोलीला आले, खनिजाचा ट्रक चालवायला. मागून आई आली आणि खाणीवर पाट्या वाहू लागली. माझा जन्म डिचोलीचा, शाळा डिचोलीची, कावीळसुद्धा झाली ती डिचोलीच्याच पाण्याने. तरी आम्ही बाहेरचे. गोव्याची भाषा कोकणी की मराठी, हा वाद पेटला तेव्हा मात्र आमचा भाव वधारला. आमच्या घरातली मालवणी ही कोकणीच, असं एका सभेत सांगत. ती मराठीच, असं दुसऱ्या सभेत. दोन्ही सभांना माणसं भरून नेली ती आमच्या वडिलांच्याच ट्रकने. सभा उठली की आम्ही पुन्हा बाहेरचे.

पोहायला मी शिकले बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात. पावसाचं पाणी साचून त्याचं तळं झालं होतं आणि रविवारी ट्रकवाले तिथे गाड्या धुवायचे. वडिलांनी मला चाकाची ट्यूब दिली, पुढच्या रविवारी काढून घेतली. झालं शिक्षण! मग शर्यती लागू लागल्या. शिट्टी कोणाकडे होती? आमच्याकडे नवा टायर बसवायचा तरी आधी गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि दर मागणीला बाकीच्यांनी होकार भरायचा. वडील काठावर हात जोडून उभे राहत. "बा देवा म्हाराजा, ह्यां चेडू पाण्यात उतारता हा, तेका सांभाळ रे म्हाराजा!" चेडू म्हणजे मुलगी, ती मी. ट्रकवाले ओरडत, "व्हय म्हाराजा!" की मी धाडकन पाण्यात. गाऱ्हाणं पुढेही चालूच असायचं, पण माझे कान तोवर पाण्याखाली गेलेले असत.

अशात गोव्याचं वेगळं राज्य झालं. नव्या राज्याला सगळंच आपलं स्वतःचं हवं होतं, तसा पोहण्याचा संघही. पणजीच्या तलावावर निवड ठरली. मुलींतून दोघी घ्यायच्या होत्या आणि निवडणारे साहेब होते पेडण्याचे, म्हणजे सिंधुदुर्गाला लागूनच असलेल्या तालुक्यातले. माझं नाव लिहून घेताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमी खंयचीं?"

"डिचोलीची," मी म्हटलं.

वडील मध्येच प्रामाणिकपणे बोलले, "मूळ सिंधुदुर्गातले, सायबानूं." वडिलांचा हा प्रामाणिकपणा मला तेव्हा उभी जाळून गेला.

"बरें, पोंव. पूण आदीं आमचीं भुरगीं," साहेब म्हणाले. म्हणजे आधी आमची मुलं; त्या 'आमच्या'त मी नव्हते.

खिळ्याला संघाचे बनियन टांगलेले होते, छातीवर वीतभर अक्षरांत 'गोवा'. मला तो बनियन हवा होता. हवा म्हणजे हवाच. तो अंगावर चढला की विचारणाऱ्यांची तोंडं कायमची बंद होतील, असा माझा भाबडा हिशेब होता.

आम्ही सगळ्या चौथऱ्यांवर उभ्या राहिलो. माझा पोहण्याचा पोशाख बघून आईने आधीच पदर तोंडावर ओढून घेतला होता. सगळ्यांचे कान शिट्टीकडे. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा..." बाप रे! वडिलांच्या बरोबर आलेल्या ट्रकवाल्यांनी "व्हय म्हाराजा!" ठोकला आणि माझ्या पायांनी मला न विचारता उडी मारली. शिट्टी व्हायचीच होती.

पहिली चूक माफ, दुसऱ्यांदा चुकलं की बाहेर, असा नियम. साहेब लालबुंद होऊन वडिलांवर धावले. "बंद करात तें! हें देवूळ न्हय!"

वडील अख्ख्या आयुष्यात कुठल्या साहेबासमोर बोलले नव्हते. पण त्या दिवशी जागचे हलले नाहीत. "सायबानूं, गाऱ्हाणां अर्ध्यावर सोडूक येणा नाय. देवाक काय वाटात?"

साहेब तसे पेडण्याचे! त्यांच्या घरीही गाऱ्हाण्याशिवाय विहीर खणली जात नसणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नि दबक्या आवाजात घाई केली, "बेगीन सोंपयात."

मग मी ओलीचिंब, कोरड्या चौथऱ्यावर उभी राहून ते गाऱ्हाणं जन्मात पहिल्यांदा पुढे ऐकलं.

"आमी आमची शीव सोडून इलंव, तू थयच रवलंस. हयच्या देवाक सांग, ह्यां चेडू आता तेचां. पयलो नंबर गावो नायतर न गावो, पण 'तू खयचां' म्हणान तेका कोणी इचारता नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ट्रकवाले म्हणाले. आणि सवयीने हात जोडून साहेबही म्हणाले. मी स्वतः ऐकलं. मला रडू फुटलं, पण अंग आधीच ओलं असल्याने कोणाला कळलं नाही. इतकी वर्षं हा माणूस मागे राहिलेल्या गावच्या देवाकडे माझ्यासाठी हे मागत होता आणि मी आपली बुडी मारून मोकळी.

शिट्टी झाली. त्या पन्नास मीटरात मी श्वास घेतला की नाही, देव जाणे. दुसरी आले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं, पण घड्याळाला मूळ गाव विचारता येईना. बनियन मला मिळाला.

पुढे बाहेरच्या राज्यांत पोहून पदकं आणली, तेव्हा डिचोलीत माझा सत्कार ठेवला. हेच साहेब अध्यक्ष. मी तोच बनियन घालून गेले. 'गोंयची धूव', गोव्याची लेक म्हणून त्यांनी माझ्यावर असं काही भाषण ठोकलं, की आईने पदर तोंडावरून काढून डोळ्यांना लावला. शाल झाली, नारळ झाला. मग टाळ्यांच्या गोंधळात साहेब मायेने वाकले. माझ्या छातीवरचं 'गोवा' त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर.

"पूण तुमी मूळचीं खंयचीं गो?"

माझी जीभ शिवशिवली. पण त्याआधी शेजारी बसलेले वडील उठले. हातातला चहाचा कप त्यांनी साहेबांच्याच हातात दिला, हात जोडले आणि माइकपाशी जाऊन घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा..."

मागच्या रांगेतले ट्रकवाले उठून उभे राहिले, आणि माझ्या पायांची बोटं उडीआधी चौथऱ्यावर रुतत तशी व्यासपीठाच्या कडेला घट्ट रुतली.