वरच्या खोलीतली गिटार

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने देतो. तीन वर्षांपूर्वी तिथे बिलासपूरची एक मुलगी राहायला आली. मुलगी म्हणते खरी, पण पस्तिशीला टेकली होती. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करायची, एकटीच राहायची. तिच्या सामानात एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती आणि छोट्या टीव्हीएवढा काळा स्पीकर. मी नवऱ्याला म्हटलं, "आता आपल्या झोपेचं कठीण आहे."

"पाहू," ते म्हणाले आणि पेपर उलटला. रेल्वेच्या ऑफिसातून घरी आले की ते एवढंच बोलत. सव्वीस वर्षांच्या संसारात मला त्याची सवय झाली होती. काही माणसं बोलत नाहीत, असं मी धरून चालले होते.

त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. भांग पाडायला हात वर जाईना. मीच म्हटलं, "वर जा ना. घरातच इलाज आहे." हे मी मुद्दाम सांगते. त्यांना वर मी पाठवलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला ते जायचे. आधी दहा मिनिटांत खाली यायचे. मग अर्धा तास लागू लागला. आणि एका शुक्रवारी मी पोळ्या लाटत असताना छतातून गिटारचा आवाज आला. चार-पाच सुरांचा एक तुकडा, मध्येच अडकलेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडकला. इतकं वाईट ती वाजवत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

"वर काय करून राहिले होते?" जेवताना मी विचारलं.

"गिटार. ती म्हणते, खांद्याले चांगली असते."

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसली. "मैंने तो ऐसा कुछ नहीं कहा, दीदी. भैया ने खुद पूछा, सिखाओगी क्या?"

म्हणजे माझ्याशी खोटं बोलले होते. इतकं छोटं खोटं, की त्यावर भांडताही येईना.

ते गाणं एक जुनं इंग्रजी रॉक गाणं होतं. आमच्या कॉलेजच्या वयात पोरं ज्यांच्यासाठी वेडी व्हायची त्यांतलं. मी तोवर ते कधी ऐकलं नव्हतं, पण महिन्याभरात त्याची सुरुवात मला पाठ झाली. संध्याकाळी हात कणकेत असायचे आणि कान छताला. ते चुकत असायचे तोवर मी निर्धास्त असायचे. आवाज थांबला की माझे हातही थांबायचे. आता काय चाललं असेल? खांदा दाबत असेल? त्या शांततेतून कधी कधी ह्यांचं हसू ऐकू यायचं. मोठ्यानं, घसा मोकळा करून हसलेलं. ते हसू मी खाली कधी ऐकलं नव्हतं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मम्मी, पापा कुछ सीख रहे हैं, अच्छा है ना!" मी फोन ठेवून दिला.

एका मंगळवारी शांतता फारच लांबली. मी कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या होत्या. चार एका ताटलीत घेतल्या आणि वर गेले. दार उघडंच होतं. ती पलंगावर बसून तार बदलत होती. हे खुर्चीवर, माझ्याकडे पाठ करून, तिला हिंदीत काही सांगत होते. नागपूरला कॉलेजात असताना एका मित्राच्या गिटारवर चार महिने त्यांनी हेच गाणं घोटलं होतं. गॅदरिंगला नाव दिलं. स्टेजवर गेले, समोर पूर्ण हॉल भरलेला, आणि हात हलेचना.

"फिर?" तिने विचारलं.

"फिर क्या. उतर गया. उस दिन के बाद हाथ नहीं लगाया." आणि हसले. तीही हसली.

मी ताटली दारातल्या स्टुलावर ठेवली आणि खाली आले. त्यांनी तिचा हात धरलेला दिसला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आरडाओरडा तरी करता आला असता. पण हे काय सांगायचं कोणाला? माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला माहीत नाही आणि भाडेकरणीला माहीत आहे. त्या रात्रीच्या भाजीत मी दोनदा मीठ घातलं. ते मुकाट्याने जेवले.

तिचा दवाखाना दुपारी एक ते चार बंद असायचा. दोन दिवसांनी मी दुपारी वर गेले आणि म्हटलं, "मुझे भी सिखाओ. पर इनको मत बताना."

"हव दीदी, आओ ना," ती म्हणाली. कारण विचारलं नाही, त्याचाही मला राग आला.

मला गिटार शिकायची नव्हती. त्या खोलीत तासभर काय होतं ते बघायचं होतं. पण बघायला फुरसतच मिळेना. तारांनी बोटांची टोकं सोलवटली. तिने मला सुरुवातीचा तो तुकडा दिला नाही. त्याच्या खाली वाजणारे कॉर्ड दिले, दोन-दोन बोटांनी दाबायचे. उजव्या तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून वाजवलं की आवाज दबका, गुरगुरल्यासारखा निघतो. मग पायाने एक लोखंडी डबी दाबली की तोच आवाज फाटून स्पीकरमधून अंगावर येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकून हात काढला. दुसऱ्यांदा मात्र काढला नाही.

"भैया बहुत गलती करते हैं," ती एकदा म्हणाली, "पर शरमाते नहीं."

मी दर चुकीला लाजत होते. म्हणजे इथेही ते माझ्या पुढे. मला तेही सहन झालं नाही.

तोवर त्यांनी स्वतःची एक जुनी काळी गिटार आणली होती, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या इंजिनिअरकडून. ते ऑफिसला गेले की मी ती काढायचे. इलेक्ट्रिक गिटार स्पीकरला जोडली नाही तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही, चोरून शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचं वाद्य नसेल. दोन महिन्यांत माझे कॉर्ड जागेवर पडू लागले. छतातून त्यांची सुरुवात अजून अडखळत यायची आणि मी पोळी लाटता लाटता मनात म्हणायचे, मी तुमच्या पुढे गेले.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी गिटार गळ्यात घातली आणि ती थेट छातीपाशी येऊन अडकली.

"हा पट्टा काहून आखूड झाला?"

आदल्या दिवशी तो पुन्हा लांब करायला मी विसरले होते.

"मले काय माहीत," मी म्हटलं.

"घरात तिसरं कोण आहे?"

मी कपड्यांच्या घड्या करत होते. हातातला टॉवेल खाली ठेवला. "मी वाजवते. तुमचंच गाणं. दोन महिने झाले."

"कोणापाशी शिकली?"

मी छताकडे बोट केलं.

त्यांनीही वर पाहिलं. मग म्हणाले, "तिनं मले सांगितलं नाही."

इतके दिवस मी जे सोसत होते, तेच आता त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

"तुम्ही तरी मले कुठं सांगितलं?" मी म्हटलं. "स्टेजवरून उतरले ते? मी दारात उभी होती त्या दिवशी. वड्या घेऊन."

"तू हसली असती."

"तीही हसलीच ना!"

"ती हसली अन् विसरली. तू माहेरी जाऊन सगळ्यांना करून दाखवलं असतं."

 लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्यासाठी एक गाणं म्हटलं होतं. बेसूर होतं. दिवाळीला माहेरी मी त्याची नक्कल केली होती. सगळे लोळून हसले. ते तिथेच, दिवाणाच्या कडेला बसले होते. हे मी पूर्ण विसरले होते. ते नव्हते विसरले.

"तेव्हा मी बावीसची होती," मी म्हटलं.

"मी सव्वीसचा होतो," ते म्हणाले आणि गिटारचा पट्टा लांब करू लागले.

त्यानंतरचे चार दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच ऑफिसला निघताना विचारलं, "तो दुसरा कॉर्ड तू कोणत्या बोटानं दाबते?" मी दाखवलं. एवढंच.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वर गेलो. माझ्या हातात तिची लाल गिटार, त्यांच्या गळ्यात काळी. मधला जलद भाग आम्हाला कोणालाच येणार नव्हता, तो तिने मैत्रिणीकडून मागून आणलेल्या गिटारवर वाजवायचं कबूल केलं. तिने चार आकडे मोजले. हे तीनदा चुकले. चौथ्यांदा सुरुवात निघाली, मी खालून कॉर्ड धरले आणि गाणं शेवटापर्यंत गेलं. खिडकीची काच थरथरत होती. माझा हात खांद्यापर्यंत भरून आला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, बरोबर झालं का म्हणून.

मागच्या वर्षी तिला भिलाईच्या एका मोठ्या दवाखान्यात काम मिळालं आणि ती गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि मनातून सुटल्यासारखंही वाटलं. आता वर एक निवृत्त जोडपं राहतं. आम्ही रविवारी हॉलमध्ये वाजवतो. ह्यांचा खांदा बरा आहे. कॉलेजातल्या आणखी दोन-तीन गोष्टी त्यांनी मला सांगितल्या. ऐकताना मी हसत नाही, आणि माहेरी सांगत नाही.

पण एखादा अवघड तुकडा जमला की त्याचं रेकॉर्डिंग ते आधी तिला पाठवतात. मला माहीत आहे, कारण मोबाइलचं बटण दाबायला मीच असते. तिचं उत्तर आलं की ते वाचून हसतात. मी विचारते, काय म्हणते? ते वाचून दाखवतात. पूर्ण दाखवतात की नाही, ते मी अजूनही नंतर त्यांच्या मोबाइलवर तपासते.