रांगेतली कॅन

मी एका पोरीचं कपाळ फोडलंय. तेही ऑस्ट्रेलियात, समुद्राच्या काठावर, गाण्याच्या जत्रेत. परदेशात काय काय बघितलं असं कुणी विचारलं की हे सोडून बाकी सगळं सांगते.

तिथं मी शिकायला होते, विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. वाळूवर तीन दिवस गाणीबजावणी आणि मागच्या माळावर तंबू ठोकून राहायचं, असा सगळा बेत. सोबत माझी रूममेट, नांदेडजवळच्या अर्धापूरची. केळीच्या बागेत वाढलेली, जन्मात कधी आवाज न चढवलेली. दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की आपला मे महिना परवडला. त्यात पाण्याची पाइपलाइन फुटली आणि सगळ्या तंबूंना मिळून एकच नळ उरला.

आता पाण्याची रांग मला कुणी शिकवावी? मी लातूरची. आमच्या गल्लीत टँकर यायच्या आधी माणसं नाही, घागरी रांगेत उभ्या राहायच्या. घागर ठेवली की नंबर लागला, मग खुशाल घरी जाऊन भाकरी थापा. दुसऱ्याच्या घागरीला हात लावला की मारामारी ठरलेली. मी नऊ वर्षांची असताना एका बाईनं आमची घागर मागं सारली, म्हणून माझ्या आईनं तिला कळशी फेकून मारली. बाईचा डावा डोळा गेला. आईनं माफी काही मागितली नाही. हे मी शाळेत छाती फुगवून सांगायचे.

तर मी पाच लिटरची कॅन रांगेत ठेवली, ओळखायला तिच्या दांडीला ओढणी बांधली आणि सावलीला जाऊन बसले.

"अगं, इथं असं चालतं का?" मैत्रीण म्हणाली.

"तुम्ही नांदेडवाले गोदावरी उशाला घेऊन झोपणारे. तुला काय कळतंय पाण्यातलं?"

अर्ध्या तासानं येऊन बघते तर माझी कॅन बाजूला वाळूत आडवी पडलेली. माझ्या नंबरावर घुसलेली एक उंच, सोनेरी केसांची पोरगी आपली कॅन भरून घेऊन नळाजवळ उभी. माझी कुणी काढली, विचारलं. "मी. डबे रांगेत उभे राहत नसतात," म्हणाली आणि हसली. मागचे दोघंही हसले.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या झिंज्या धरल्या. तिनं मला ढकललं, मी नळाच्या ओट्यावर आपटले, कोपर सोलून निघालं. उठून तिच्या हाताला कडाडून चावले. ती किंचाळली. तिचीच भरलेली कॅन उचलली आणि दोन्ही हातांनी घातली डोक्यात. भुवईच्या वर कपाळ उकललं. अगं आई गं, एवढंसं कपाळ आणि केवढं रक्त! डोळ्यात, तोंडात, गळ्यापर्यंत. तिकडं स्टेजवर ढोल बडवत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

रखवालदारांनी दंडाला धरून मला एका तंबूत बसवलं. पोरीला टाके पडले. थोड्या वेळानं तिचा निरोप आला. चार वाजेपर्यंत येऊन माफी मागितली तर ती पोलिसांत जाणार नाही. पोलिसांत गेली की माझा व्हिसा गेला, शिक्षण गेलं, सरळ घरी.

मैत्रीण रडकुंडीला आली. "माग ना बाई माफी! दोन शब्द तर हायत!"

"मरंन पण मागणार न्हाई. माझा नंबर होता."

आई तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून तिला फोन लावला. सगळं सांगितलं.

"डोळा वाचला का पोरीचा?"

"वाचला."

"देव पावला." "ऐक. त्या दिवशी त्या बाईनं काही केलं नव्हतं. मीच आपली घागर तिच्या म्होरं सरकवली. तू तापानं फणफणलेली, घरात थेंब नव्हता. तिनं फक्त घागर परत जागेवर ठेवली."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तू समद्या गल्लीला सांगत फिरायचीस, माझी आई वाघीण हाय म्हणून. ती बाई अजून गोलाईच्या बाजारात भाजी विकती. मी तिच्या पाटीपुढून मान खाली घालून जाते."

फोन ठेवला. मला माझीच किळस आली. रखवालदाराला विचारून माझी कॅन उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिले, कॅन हातात धरून. तो मागं उभा होताच. उन्हात तासभर गेला. लोक माझ्याकडं बघून कुजबुजत होते, बघू दिलं.

भरलेली कॅन घेऊन चारच्या आत तिच्या तंबूत गेले. सॉरी म्हणताना रडूच फुटलं. पट्टीखालचा डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्यानं ती माझ्याकडं बघत राहिली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. कॅन ओढून घेतली, तोंडाला लावली आणि गटागटा प्यायली.

पोलीस आले नाहीत. हे सांगायला आईला परत फोन केला. व्हिसाचं तिनं काही विचारलं नाही.

"पोरीनं घेतलं का पाणी?"

"घेतलं."

"ती भाजीवाली घेईल का गं माझ्या हातचं?"