रडायला शिकवणारी याडी

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास मी यवतमाळहून दारव्ह्याकडच्या एका पठारावर मास्तर म्हणून गेलो. दोन्ही बदल्यांत कोणी कोणाला विचारलं नव्हतं. चढण चढून तांड्याजवळ पोचतो तर बायकांचा आक्रोश कानी आला. एकीचा थांबला की दुसरीचा सुरू. नव्या मास्तरानं पहिल्याच दिवशी माणुसकी दाखवावी म्हणून मी चपला काढल्या, टोपी हातात घेतली आणि त्या घरापुढं मान खाली घालून बसलो. "फार वाईट झालं," असंही म्हणून टाकलं.

आतून एक उंच बाई बाहेर आली. कोपरापासून वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्याला आरसे. तिनं मला नीट पाहून घेतलं.

"कोण मेलं, मास्तर?"

"नाव नाही कळलं अजून."

"मलेबी नाही कळलं. इथं पोरगी रडाले शिकून राह्यली. चहा घेता काय?"

ही जमनी. तांडा बंजाऱ्यांचा, आणि सगळा तांडा तिला याडी म्हणे, म्हणजे आई. त्यांच्यात नवरी सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून रडत गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. ते काही आपोआप येत नाही. लग्न ठरलं की पोरगी याडीच्या ओट्यावर येऊन बसे, आणि याडी तिला रडायचं कसं ते शिकवी.

तिचा ओटा माझ्या शाळेला लागून होता, त्यामुळे तिचं शिकवणं माझ्या पाढ्यांत मिसळे. "नाक नको वढू, सासू पाहून राह्यली," हे मी बेरजेच्या मधोमध ऐकत असे. "बापाच्या नावावर दम नको तोडू, त्याले वाटंल उरकून राह्यली." एखादी पोरगी घाईनं रडू लागली तर म्हणे, "काहून पयतं व? तुई मोटार चुकून राह्यली काय?"

मोटार आमच्याकडं येतच नव्हती. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली रस्त्यावर तिची धूळ तेवढी दिसे. पाहुणा आला की लोक आधी त्याला तो कडा दाखवीत, मग सीताफळं खायला घालीत, आणि मग याडीच्या ओट्यावर आणून बसवीत. शाळा तपासायला आलेले साहेबही तिथंच बसले. माझी पोरं पाढे घोकून ताटकळली आणि साहेब रुमालानं डोळे पुसत राहिले. उतरताना म्हणाले, "शिक्षण उत्तम चाललंय." कोणाचं, ते मी विचारलं नाही.

याडीला एकच लेक, सोनी. नवरा कधीच गेलेला. सोनीचं लग्न झालं तेव्हा खालच्या गावांतली माणसंही तिचा ढावलो ऐकायला वर चढून आली होती. सोनी दिग्रसच्या पलीकडं दिली.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात तिचा दीर भिजत वर आला. बाळंतपणात सोनी गेली होती. मूलही गेलं. नाल्यांना पूर होता, निरोप धाडता आला नाही, तिकडंच सगळं उरकलं होतं. याडीनं त्याला बसायला घोंगडी दिली. पाणी दिलं. मग विचारलं, "नाल्याले अजून पाणी आहे काय?"

"आहे, कंबरभर."

"मंग आज राह्य. उद्या जाय."

तांड्यातल्या बायका तिच्या दारापुढं जमल्या. लग्न असो की मयत, पहिला सूर याडीचा, मग बाकीच्यांचा. त्या वाट पाहत बसल्या. याडी ज्वारी निवडत बसली. अंधारून आलं तशा एकेक उठून गेल्या.

ती रडलीच नाही. गाय पिळी, भिंत सारवी, मला ताक पाठवी. तांड्याचा प्रमुख, नायक, त्यानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, थे रडली नाही तं डोकं फिरंल तिचं. काही करा." मी शिकलेला माणूस, मी करणारच. एका दुपारी ती भिंत सारवत होती. मी ओट्यावर बसलो आणि ऐकून ऐकून पाठ झालेला ढावलो, माझ्या पाढे म्हणायच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. तिचा हात थांबला नाही.

"झालं?"

"झालं."

"कुठं नांदाले चालले, मास्तर?"

मी हसलो. ती हसली नव्हती.

उन्हाळ्यात शेजारच्या रुपलीच्या लेकीचं, केसीचं लग्न निघालं. न रडता गेलेल्या पोरीला सासरी टोमणे बसतात, आईची माया नव्हती म्हणून. पण याडीला विचारायचं कोणी? नायक म्हणाला, तिच्याकडं जाऊ नका. रुपली दोनदा दारापर्यंत येऊन परतली. शेवटी केसीच येऊन ओट्यावर बसली.

"बस," याडी म्हणाली. "पाठ सीधी ठेव."

शाळेतून मी ऐकत होतो. बापाचं झालं, भावाचं झालं, गोठ्यातल्या गाईचं झालं. त्यानंतर आईचं कडवं येतं. लेक आईला विचारते, आता माझी वेणी कोण घालेल. लग्नात याच कडव्याला आई पुढं होते, बैलाच्या मानेवर हात ठेवते, लेक वाकून तिच्या गळ्यात पडते. ते कडवं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरगी गेल्यावर मी कुंपणावरून विचारलं.

"याडी, आईचं राहिलं."

"थे गेलं, मास्तर," ती म्हणाली आणि शेण कालवायला लागली.

लग्नाच्या दिवशी केसी बैलावर चढली. पोरगी चांगली रडली. बाप ओक्साबोक्शी रडला, भाऊ रडला, बायका रडल्या. गाईचं कडवं संपलं. रुपलीनं ओढणी तोंडावर ओढली, पुढं झाली आणि बैलाच्या मानेवर हात ठेवला. केसीनं दम घेतला. घेतला तो घेतलाच. तिनं याडीकडं पाहिलं. याडी बैलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती.

"हाण," याडी बैल धरलेल्या मामाला म्हणाली.

बैल चालू लागला. रुपलीचा हात तसाच वर राहिला.

त्यानंतरही पोरी याडीकडंच शिकायला येत राहिल्या. लग्नात आया मात्र पुढं येईनाशा झाल्या.