मोर्चात सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो

मंडळी, आज आमच्या गावचा जनावरांच्या लम्पी साथीवरून मोर्चा होता. सरकारी लस महिनाभर उशिरा आली, जनावरं गेली. जनावरांच्या दवाखान्यापुढं सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. माझे शेजारी तानाजीआण्णा त्यांना म्हणाले, "माजी गाय गेली, म्याडम. तुमी येवढं दिस कुटं व्हता?"

मॅडमनी आधी माझ्याकडं पाहिलं.

त्या लस घेऊन आल्या, तेव्हा मी माझा खिलार बैल उसात नेऊन बांधला होता. लस टोचली की बैल चार दिवस सुस्तावतो, आणि साथीमुळं बंदी असतानाही रविवारी चोरून बैलगाडी शर्यत होती. शर्यतीवरून आल्यावर त्याच्या अंगावर गाठी उठल्या. मॅडमच्याच औषधानं तो वाचला. आण्णांचा गोठा आमच्या गोठ्याला लागूनच आहे. त्यांच्या गाईला लस दिली होती, पण ती लागू पडायच्या आतच गाय आजारी पडली.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "आम्हाला उशीर झाला, आण्णा."

परतताना आण्णा माझ्या गाडीवर मागं बसले होते. म्हणाले, "गड्या, लय बोललास आज माज्या गाईसाटनं."

सरकारला जाब विचारायलाच हवा. पण आण्णा मोबाईलवर काही वाचत नाहीत, म्हणून हे इथं लिहितोय. त्यांच्या दारात जाऊन कसं सांगू?