न धुतलेले सहा ट्रे

अकरा मार्चला उबवणी केंद्रात जंतुनाशकाचे दोन कॅन आले. बिल सहा हजार चारशे ऐंशी रुपयांचं. माल मिळाल्याची सही नेहमीप्रमाणे मापमामांची. सव्वीस वर्षं ते अंडी उबवायच्या यंत्रांपाशी होते आणि बुरशीशी त्यांचं हाडवैर होतं. एखादं नासकं अंडं यंत्रात फुटलं की बुरशीची धूळ पंख्याच्या वाऱ्यावर सगळीकडे जाते. कवचातून डोकं काढणारं पिल्लू पहिल्याच श्वासाला ती आत घेतं. मग उपाय नाही. जो काही उपाय तो आधी. भिंतींना, फरशीला आणि ट्रेंना.

म्हणून मामा पाणी मोजत, औषध मोजत, ट्रे किती मिनिटं बुडाले ते घड्याळावर बघत. नाव पडलं ते त्यावरूनच. ट्रे धुणाऱ्या मावशी म्हणायच्या, "माप तुमचं सोन्याचं हो मामा, पण आमचा ब्रश आधी फिरला नाही, तर तुमचं औषध म्हणजे दात पडलेला वाघ." मामा हसून मान हलवत. आधी साबण, मग ऊन, मग औषध, हा क्रम त्यांनीच मावशींना शिकवला होता. पिसांचा कोंडा, कवचाचे तुकडे, सुकलेलं रक्त ट्रेला चिकटलेलं असलं, तर औषधाची ताकद त्या घाणीवरच संपते.

त्या महिन्यात मामांच्या धाकट्या बहिणीने घरामागच्या शेडमध्ये पिल्लं वाढवायचं ठरवलं. नवरा गेल्यावर ती दोन वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. डोळे दुखायला लागले होते. साठवलेले सगळे पैसे तिने शेडमध्ये घातले आणि पाचशे पिल्लांचे आगाऊ भरले. "दादा, तुझ्या हातची दे हं," एवढंच तिने सांगितलं.

तेवढ्यानेच घात झाला. अठराव्या दिवशी अंडी उबवणीच्या यंत्रातून पिल्लं निघायच्या यंत्रात हलवतात. ती एकोणिसाव्या दिवशीही हलवता येतात. आधीची खेप उशिरा निघाली होती, ट्रे तसेच पडले होते आणि मावशी घरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मामांची सुट्टी. बहिणीची अंडी दुसऱ्या कुणी हाताळावीत हे त्यांना पटेना. त्यांनी सहा ट्रे उचलले, झटकले आणि न धुता औषधात बुडवले. मनाची समजूत म्हणून औषध दुप्पट घातलं. बाकीचे ट्रे मावशींनी सकाळी रीतसर घासून उन्हात टाकले.

पिल्लं निघाली तेव्हा कापसासारखी होती. चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, आ वासून बसतात रे. आवाज नाही, काही नाही, नुसती चोच उघडी."

मामा गेले तोवर जनावरांच्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडलं होतं. फुप्फुसावर ज्वारीच्या कणीएवढे पिवळट दाणे होते. "बुरशी," डॉक्टर म्हणाले. "खाली अंथरलेला भुसा दमट असेल. नाहीतर केंद्रातूनच आली असेल. तिथलं काय मामा?"

"औषध मापात होतं," मामा म्हणाले. वास्तविक तेही खरं नव्हतं.

बहीण भुशाकडे बघत राहिली. "मग माझाच भुसा," ती म्हणाली. मामा मूग गिळून बसले. त्या खेपेतली दुसऱ्यांकडे गेलेली पिल्लं टुणटुणीत होती. ते कळल्यावर तर तोंड उघडायचा धीरच उरला नाही. पाचशेतली एकसष्ट जगली. बहिणीने शेडमधला भुसा जाळला, न उघडलेली अठरा पोतीसुद्धा जाळली आणि पुन्हा शिवणयंत्रावर बसली.

तीन वर्षं गेली. मामा दर आठवड्याला तिच्याकडे जात, सुईत दोरा ओवून देत. तिला आता जवळचं दिसत नसे. एके दिवशी शेजारीण आली. तिला पिल्लं पाळायची होती.

"भुसा वाळवून घे गं बाई," बहीण तिला सांगत होती. "दादाने पिल्लं हिऱ्यासारखी दिली होती. मीच निष्काळजी. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला."

शेजारीण मामांकडे बघून म्हणाली, "भाऊ असावा तर असा."

ती गेली. मग मामा म्हणाले, "भुसा चांगला होता तुझा."

"आता कशाला समजूत काढतोस?"

"समजूत नाही. तुझे सहा ट्रे मी धुतले नव्हते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि मला माझ्याच हाताने करायचं होतं."

शिवणयंत्राचं चाक थांबलं. बहिणीने कापडावरून हात फिरवला.

"कधी कळलं तुला?"

"डॉक्टरांनी पिल्लू उघडलं तेव्हाच."

"आणि तीन वर्षं माझ्या सुईत दोरा ओवतोयस."

"पिल्लांचे, शेडचे, सगळे पैसे देतो. निवृत्तीचे येतील," मामा म्हणाले.

"नको. तू तेव्हाच बोलला असतास तरी पिल्लं मरणारच होती," ती म्हणाली. "पण भुसा कोरा होता. तो मी तुझ्या गप्प बसण्यापायी जाळला. त्याचे दे. अठरा पोती, तीस रुपयांनी."

मामांच्या खिशात पाचशेची एकच नोट होती. ती तिने घेतली, घडी करून कापडाखाली ठेवली आणि पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस, दोरा शेजारीण ओवेल, असं सांगितलं.

त्यानंतर मामा गेलेले नाहीत. चाळीस रुपये द्यायचे आहेत.