वार वर चढंल म्हणून

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, इंदापूरकडच्या गावी गेले होते. मुलगी सुखरूप झाली, पण वार पडेना. वार वेळेत पडली नाही तर ती वर चढते आणि छातीत जाऊन बसते, अशी आमच्याकडच्या बायकांची ठाम समजूत. उबळ आली की वार पडते म्हणून माझीच वेणी माझ्या तोंडात कोंबली. मी ओकले, पण वार काही पडली नाही. सुईण म्हणत होती, "जरा दम धरा." पण आईला कुठला धीर! "वर चढंल की गं!" म्हणत तिनं नाळ धरून ओढली.

मग रक्त सुटलं, गोधडी भिजून जमिनीवर आलं. भिगवणला मासळी घेऊन निघालेला टेम्पो भावानं अडवला आणि त्यातून मला बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आत हात घालून वार तुकड्यातुकड्यानं काढली, पिशवी खरवडली. मी वाचले. निघताना त्या म्हणाल्या, "पिशवीला आतून इजा झालीय. पुढच्या खेपेला वार तिथंच चिकटून बसू शकते. गावात राहायचं नाही."

मुलगी बोलायला लागली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. सासर बारामतीजवळ, कन्हेरीला. मी तपासणीला निघाले की सासूबाईंचं सुरू व्हायचं, "आमाला काय पोरं झाली न्हाईत? आमी खुरपता खुरपता बाळंतीण झालो." मी म्हणायचे, "तुम्ही झालात ना, मग मला दवाखान्यात होऊ द्या." माझ्या जिभेला हाड नव्हतंच. सातव्या महिन्यात सोनोग्राफीत वार खाली दिसली, जुन्या जखमेवर रुतून बसलेली. दवाखान्यात राहा म्हणाले, राहिले. जे जे सांगितलं ते सगळं केलं, आणि हेच मला अजून पचत नाही. एका दुपारी जेवायला बसले होते, तेवढ्यात अंगावरून रक्त जायला लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती. मुलगा झाला होता आणि गेलाही होता. काचेच्या पेटीतही टिकला नाही. मला शुद्ध येण्याआधीच पुरुषांनी त्याला पुरलं होतं. त्याचं तोंड मी पाहिलं नाही.

आई माझे डोळे पुसत म्हणाली, "रडू नगं. तू अजून ल्हान हाईस. वर्षात पुन्हा पाळणा हलंल."

त्या एका वाक्याला धरून मी ते दिवस काढले. येणाऱ्याचं नावसुद्धा मनात ठरवून टाकलं.

टाके काढताना नर्सनं सहज विचारलं, "पिशवी काढलीय, आता पाळी येणार नाही, हे सांगितलंय ना?" वार सुटेचना, म्हणून माझा जीव वाचवायला पिशवीच काढावी लागली होती. नवऱ्यानं सही केली तेव्हा आई शेजारीच उभी होती.

नर्स गेल्यावर मी आईवर भडकले. "ठाऊक होतं तुला! मग पाळणा कसला हलवत होतीस?"

आई कॉटशेजारी खालीच बसली. "तुझ्या तोंडाकडं बघून काय सांगू गं? मीच माझ्या हातानं तुझा पाळणा मोडला, ह्ये सांगू?"

जखमेची आग होत होती, तरी तिचं डोकं मी पोटाशी घेतलं आणि आम्ही दोघी हमसून हमसून रडलो.